ड्राफ्टमध्ये वाईड रिसीव्हर निवडताना नेमकं काय तपासायचं?

चौथा_डाऊन

इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळींचा एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) गट आहे. दर वर्षी सात फेऱ्यांची मॉक ड्राफ्ट (टीमनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडायची लुटुपुटीची फेरी) होते आणि प्रत्येक निवडीमागचं कारण लिहून द्यावं लागतं. "पोरगा पळतो भारी" एवढ्यावर कुणी सोडत नाही.

या वेळी माझ्याकडे २४, ५५, ८७ आणि ११९ हे पिक (निवडीचे क्रमांक) आहेत. टीमची अवस्था अशी: बाहेरचा मुख्य रिसीव्हर (पास झेलणारा), म्हणजे एक्स, ३१ वर्षांचा आहे आणि त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष चालू आहे. स्लॉट (आतल्या जागेवरचा रिसीव्हर) पक्का आहे. समोरच्या बाजूच्या झेडच्या जागेवर कुणीच भरवशाचं नाही. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) बॉल लवकर सोडतो, मैदानाच्या मधल्या पट्ट्यात अचूक आहे, पण ४० यार्डांच्या पुढे त्याचा हात पुरत नाही.

दोन रिसीव्हर घ्यायचे ठरवलंय. प्रश्न असे:

४० यार्डांच्या धावेच्या वेळेला किती महत्त्व द्यायचं? कॉलेजच्या आकड्यांपैकी कुठले खरंच उपयोगी? टीव्हीवरच्या मॅचमधून रिसीव्हरचा अंदाज घेता येतो का? आणि पहिल्याच फेरीत घ्यावा की ५५पर्यंत थांबावं?

हॅशमार्क

चारही प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न राहिला. रिसीव्हर कुठल्या जागेसाठी हवाय? तुमच्या वर्णनावरून २४ किंवा ५५ला जो घ्याल तो वर्षभरात एक्सवर उभा राहायला हवा. एक्स लाइन ऑफ स्क्रिमेजवरच (जिथून खेळ सुरू होतो त्या रेषेवर) उभा असतो. त्याला मागे सरकता येत नाही, मोशनमध्ये (खेळ सुरू व्हायच्या आधी आडवं धावत) फिरवताही येत नाही, त्यामुळे कॉर्नरबॅक (त्याला अडवणारा बचावपटू) त्याच्या छातीसमोर येऊन हात लावू शकतो. झेड एक यार्ड मागे असतो, मोशनमध्ये जातो, त्याला सुटायला जागा मिळते. स्लॉटला तर दोन्ही बाजू मोकळ्या. एका यादीत तिघांना क्रमाने लावलं की गोंधळ तिथेच सुरू होतो. तीन याद्या करा.

आता कॉलेजचा खेळाडू जे करतोय त्यातलं किती त्याचं आणि किती त्याच्या सिस्टिमचं, हे वेगळं काढायचं. ड्राफ्टमधलं सगळं अवघड काम हेच आहे. नियमांचेच फरक बघा.

कॉलेजच्या मैदानात दोन हॅश मार्कांमध्ये (खेळ सुरू करताना बॉल ज्यांच्या आत ठेवतात त्या खुणांमध्ये) ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. म्हणजे कॉलेजमध्ये बॉल हॅशवर असेल तर एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट. एनएफएलमध्ये तेच साधारण ७१ आणि ८९. ज्याचे निम्मे कॅच त्या शंभर फुटांच्या मोकळ्या बाजूला झालेत, त्याला वर गेल्यावर तेवढं रान मिळणार नाही. उलट अरुंद बाजूला, साइडलाइनला चिकटून एकट्याने जिंकणारा मुलगा एक्सच्या कामाच्या जास्त जवळचा.

साइडलाइनच्या कॅचला कॉलेजात एक पाय आत पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. म्हणून एखादा कॅच दिला गेला एवढ्यावर थांबू नका, रिप्ले थांबवून दुसरा पाय कुठे पडला ते बघा. ज्यांना सवय आहे ते कॉलेजातसुद्धा दोन्ही पाय ओढून आत ठेवतात.

एक फरक रिसीव्हरच्या बाजूचा आहे. एनएफएलमध्ये पाच यार्डांनंतर बचावपटूला धक्का देता येत नाही. कॉलेजमध्ये ती पाच यार्डांची रेषा नाही. तिथे १२ यार्डांवर अंगावर येणाऱ्या कॉर्नरला झटकून पुढे जाणारा खेळाडू वर गेल्यावर आणखी मोकळा होतो.

सिस्टिमचं सगळ्यात ठळक उदाहरण जॅलिन हायट. २०२२मध्ये टेनेसीकडून १,२६७ यार्ड, १५ टचडाऊन, अलाबामाविरुद्ध एकाच मॅचमध्ये पाच. कॉलेजच्या सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कारही त्यालाच. पण ती सिस्टिम रिसीव्हरना खूप लांब लांब पसरवते, आणि हायट स्लॉटमधून, कुणी हात न लावता, सरळ धावत सुटायचा. २०२३मध्ये जायंट्सनी त्याला तिसऱ्या फेरीत ७३वा घेतला. तिथे त्याला तशी मोकळी सुरुवात मिळाली नाही आणि कॉलेजचे आकडे मागेच राहिले.

उलट चूक जस्टिन जेफरसनच्या बाबतीत झाली. २०१९ला एलएसयूकडून १११ कॅच, १,५४० यार्ड, पण बहुतेक स्लॉटमधून. "हा फक्त स्लॉटचा" असा शिक्का बसला. २०२०च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी चार रिसीव्हर गेले: रग्ज १२, ज्यूडी १५, लॅम १७, रेगर २१. जेफरसन २२वा. पण आदल्या वर्षीची, २०१८ची टेप (मॅचचं चित्रण) काढली असती तर तो बाहेरून खेळून ८७५ यार्ड करून आला होता हे दिसतं. म्हणून फक्त शेवटचा हंगाम कधीच बघू नये. जागा बदलली असेल तर दोन हंगाम बघायलाच हवेत.

स्टॉपवॉच

४० यार्डांबद्दल. ती वेळ चाळणी म्हणून वापरा, क्रमवारी म्हणून नको.

जॉन रॉस २०१७ला ४.२२ सेकंदांत पळाला, नववा गेला, पहिल्या हंगामात एकही कॅच नाही. त्याच ड्राफ्टमध्ये कूपर कप ४.६२ पळाला, तिसऱ्या फेरीत ६९वा गेला आणि २०२१ला १४५ कॅच, १,९४७ यार्ड, १६ टचडाऊन करून तिन्ही यादींत पहिला आला. २०१४चा डेव्हान्टे ॲडम्स ४.५६चा. आजचा विक्रम झेव्हियर वर्दीचा, ४.२१, २०२४. तो २८वा गेला.

वेळ वाचताना तीन गोष्टी सोबत ठेवा.

वजन. १७० पौंडांचा ४.४५ आणि २१५ पौंडांचा ४.४५ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याला प्रेसमध्ये (कॉर्नर अगदी समोर उभा राहून अडवतो तेव्हा) ढकलणं अवघड आणि पकडून पाडणंही अवघड.

पहिले १० यार्ड. रिसीव्हर सलग ४० यार्ड क्वचित पळतो. बाहेरच्या जागेसाठी १.५५ सेकंदांच्या आत असावं. १.६०च्या वर गेलं आणि टेपवरही सुटायला उशीर दिसला तर दोन्ही पुरावे एकच सांगतायत. पण टेपवर तो रोज सुटतोय आणि आकडा वाईट, तर टेप धरा.

वेळ कुठली आहे ते. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या एकत्र चाचण्यांत) शेवट इलेक्ट्रॉनिक असतो. कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजातच होणाऱ्या चाचणीच्या दिवशी) हातातलं घड्याळ. प्रो डेच्या वेळेत ०.०३ ते ०.०५ मिळवून मगच तुलना करा. दोघांच्या वेळा वेगळ्या ठिकाणच्या असतील आणि फरक ०.०४चा असेल तर फरक नाहीच असं समजा.

तुमचा क्वार्टरबॅक लांब टाकत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी ४०पेक्षा थ्री-कोन आणि शटल (वळत धावायच्या चाचण्या) जास्त बोलके. जॅक्सन स्मिथ-नजिग्बाने २०२३ला थ्री-कोन ६.५७ आणि शटल ३.९३ केली होती. वळताना वेग न सोडणारा खेळाडू म्हणतात तो हा.

झोन_बीटर

@स्टॉपवॉच, थ्री-कोनवर एवढा भर पटत नाही. डीके मेटकाफची थ्री-कोन ७.३८ होती, त्यावरून त्याची खूप चर्चा झाली आणि २०१९ला तो ६४व्या क्रमांकापर्यंत घसरला. ६ फूट ३ इंच, २२८ पौंड आणि ४.३३. त्याला कुणी दहा वेळा वळायला सांगतच नाही. स्लँट, गो, पोस्ट आणि कमबॅक एवढ्या रूटवर (धावण्याच्या ठरलेल्या वाटांवर) तो मोठा रिसीव्हर झाला. वळणाचा आकडा त्या खेळाडूच्या कामाशी जुळवून वाचायला हवा.

स्टॉपवॉच

बरोबर आहे, आणि सिएटलने त्याला तेच काम दिलं म्हणून जमलं. पण प्रश्नकर्त्याच्या क्वार्टरबॅककडे मेटकाफला हवा तो लांबचा बॉल नाही. याच टीमसाठी विचाराल तर मी वळणच आधी बघेन.

टेपवाला

टीव्हीवरच्या मॅचमधून अंदाज घेता येतो, पण कष्ट आहेत. मुख्य कॅमेरा स्नॅपनंतर (बॉल मागे देऊन खेळ सुरू झाल्यावर) क्वार्टरबॅकवर जातो आणि बाहेरचे रिसीव्हर दहा-बारा यार्डांवर फ्रेमच्या बाहेर जातात. त्यामुळे सुटण्याचा पहिला सेकंद दिसतो, रूटचा शेवट रिप्लेमध्ये किंवा बॉल त्याच्याकडे आला तरच दिसतो. जे दिसतं ते नीट नोंदवा.

चार मॅच निवडा: एक सगळ्यात चांगल्या कॉर्नरविरुद्ध, एक ज्यात त्याचे आकडे पडले, एक साधी, आणि एक आदल्या हंगामातली. हायलाइटच्या फिती बघू नका. त्यात हरलेला एकही स्नॅप नसतो. प्रत्येक पासच्या स्नॅपला पाच रकाने भरा: कुठे उभा होता, समोरचा प्रेसमध्ये होता की सात यार्ड मागे, मॅन (माणूस धरून बचाव) की झोन (जागा धरून बचाव), कुठला रूट, जिंकला की हरला. बॉल आला की नाही हा रकाना सगळ्यात शेवटी. कारण मोकळा असूनही बॉल न येणं हा क्वार्टरबॅकचा दोष असू शकतो. प्रेसचे निदान २५ स्नॅप जमल्याशिवाय एक्सबद्दल मत बनवू नका. तेवढे मिळतच नसतील तर तीसुद्धा माहिती आहे: त्याची टीम त्याला प्रेसपासून लपवतेय.

आता प्रेसचा एक स्नॅप अगदी जवळून.

स्नॅपच्या आधी पाय बघा. पुढच्या पायावर वजन असायला हवं. स्नॅप झाल्याबरोबर पुढचा पाय मागे येऊन मग पुढे गेला, तर ते वाया गेलेलं पाऊल. कॉलेजात चालून जातं, वर त्या पावलात कॉर्नरचे हात छातीवर येतात. मग पहिल्या दोन-तीन पावलांत तो कॉर्नरला हलवतो का ते बघा. कबड्डीत चढाई करणारा कोपरारक्षकाचा तोल एका बाजूला गेल्याशिवाय हात टाकत नाही, तसंच हे. नुसतं जागच्या जागी पाय नाचवणं म्हणजे रिलीज (सुटणं) नव्हे. कॉर्नरची कंबर फिरली का, टाचेवर वजन गेलं का, हे बघायचं. बरेच मुलगे सुंदर नाचतात आणि कॉर्नर शांतपणे उभा असतो. त्या तुमच्या क्वार्टरबॅकने बॉल सोडायची वेळ तोवर निघून गेलेली असते. तो लवकर सोडतो म्हणालात, मग अशा रिसीव्हरशी त्याचं जमणार नाही.

नंतर हात. कॉर्नरने हात टाकला की रिसीव्हर तो मनगटाजवळ खाली झटकतो आणि त्याच क्षणी खांदा त्याच्या पलीकडे नेतो. हात झटकला पण खांदे सरळच राहिले तर कॉर्नर पुन्हा पकडतो. बाहेरून सुटत असेल तर साइडलाइनपासून चार-पाच यार्ड जागा शिल्लक राहते का? कॉर्नरने दाबत दाबत त्याला रेषेला चिकटवलं तर क्वार्टरबॅकला बॉल टाकायला जागाच उरत नाही. कागदावर तो "सुटला", प्रत्यक्षात हरला.

मग रूट. रूट ट्री एक ते नऊ. साधारणपणे विषम आकडे बाहेर आणि सम आत: २ स्लँट, ३ कमबॅक, ४ कर्ल, ५ आऊट, ६ डिग, ७ कॉर्नर, ८ पोस्ट, ९ गो. तुमच्या टीमला २, ४ आणि ६ रोजच्या जेवणासारखे लागणार. डिग आणि कर्लमध्ये वळायच्या आधीची दोन पावलं थांबवून बघा. डोकं वर आलं, छाती उभी झाली, हात हलायचे थांबले, तर कॉर्नरला आधीच कळतं की हा थांबतोय. चांगला रिसीव्हर वळेपर्यंत पूर्ण धावल्यासारखा दिसतो, मग कंबर खाली नेऊन तीन पावलांत थांबतो आणि बॉलकडे परत येतो. कर्लवर जागेवर उभं राहून बॉलची वाट बघणारा वर गेल्यावर इंटरसेप्शन (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या हाती) देतो.

झोनमध्ये उलट बघायचं: दोन लाइनबॅकरच्या (मधल्या फळीतल्या बचावपटूंच्या) मधल्या मोकळ्या जागेत तो वेग कमी करून थांबतो, की न बघता धावत पुढच्या माणसाच्या अंगावर जातो? मधल्या पट्ट्यात खेळणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी हे प्रेसइतकंच महत्त्वाचं, आणि यावर कमी बोललं जातं.

शेवटी हात. छातीच्या वर बॉल आला तर अंगठे एकत्र, कमरेखाली आला तर करंगळ्या एकत्र. बॉल अंगावर घेऊन छातीशी दाबणारा खेळाडू कॉर्नर जवळ नसेपर्यंत ठीक दिसतो. खोल बॉलवर हात किती उशिरा वर जातात ते बघा. लवकर वर केले की मागच्या कॉर्नरला, न वळताही, बॉल कुठे येतोय ते कळतं.

चौथा_डाऊन

टेपवाला, हे प्रिंट काढून ठेवण्यासारखं आहे. सिनियर बोलच्या (ड्राफ्टआधीच्या प्रदर्शनी सामन्याच्या) सरावातल्या एकास-एक लढती धराव्यात का? त्या तर पूर्ण दिसतात.

आणि आकड्यांबद्दल: मी मार्केट शेअर (टीमच्या पासिंगमधला खेळाडूचा वाटा) काढायला लागलोय, पण एकाच टीममध्ये तीन चांगले रिसीव्हर असले की तिघांचाही टक्का पडतो. त्याचं काय करायचं?

टेपवाला

मोबाईलच्या (अलाबामातल्या) त्या लढती धरा, पण रिसीव्हरला झुकतं माप आहे हे ध्यानात ठेवून. तिथे पास रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) नाही, सेफ्टीची (सगळ्यात मागच्या बचावपटूची) मदत नाही, अख्खं मैदान मोकळं. जिंकण्याची टक्केवारी लिहू नका, पहिला सेकंद लिहा. छोट्या कॉलेजचा मुलगा मोठ्या कॉलेजच्या कॉर्नरसमोर कसा सुटतो हे बघायला त्यासारखी जागा नाही. ईस्टर्न वॉशिंग्टनचा कप तिथे खेळून गेला होता. टेरी मॅक्लॉरिनही.

आकडेमोड

मार्केट शेअरचं गणित आधी सरळ मांडतो. टीमच्या पासिंग यार्डांतला त्याचा टक्का आणि पासिंग टचडाऊनमधला टक्का, दोन्हींची सरासरी. टीमचे ३,४०० यार्ड आणि २८ टचडाऊन, त्यात त्याचे १,१०० आणि ९, तर ३२.४ आणि ३२.१, म्हणजे ३२ टक्के. ३०च्या वर चांगलं समजतात, आणि वीस टक्क्यांची रेषा त्याने कितव्या वर्षी ओलांडली हेही बघतात. १९व्या वर्षी ओलांडणारा आणि २३व्या वर्षी ओलांडणारा यांत फरक करायलाच हवा. पाचव्या-सहाव्या वर्षाला असलेला २३-२४ वर्षांचा माणूस १९ वर्षांच्या कॉर्नरला ढकलून मोकळा होतो, ते कौशल्य असेलच असं नाही. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायची सोय) आल्यापासून असे बरेच दिसतात.

तुमची शंका रास्त आहे. ओहायो स्टेट, २०२१: स्मिथ-नजिग्बा १,६०६ यार्ड, गॅरेट विल्सन १,०५८, क्रिस ओलावे ९३६. तिघेही पुढे पहिल्या फेरीत गेले, विल्सन १० आणि ओलावे ११ एकामागे एक. एलएसयू, २०१९: जमार चेस १,७८० आणि जेफरसन १,५४०. अशा वेळी टक्का खाली ठेवून यार्ड प्रति रूट बघा. पासच्या स्नॅपला तो जितके रूट धावला त्याने यार्ड भागायचे. ४०० रूटमध्ये १,००० यार्ड म्हणजे २.५. कॉलेजात २च्या खाली असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांत घ्यायला दुसरं कारण सबळ लागतं, ३ म्हणजे उत्तम. दुखापतीने मॅच हुकलेल्यांनाही हा आकडा न्याय देतो. पुका नकुआ ब्रिगहॅम यंगमध्ये दुखापतींमुळे एकूण यार्डांत मोठा दिसत नव्हता, पण मैदानावर असताना दर रूटमागे भरपूर मिळवत होता. २०२३ला पाचव्या फेरीत १७७वा गेला आणि रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) म्हणून १०५ कॅच, १,४८६ यार्ड.

स्क्रीनचे यार्ड वेगळे काढा, हे फार कमी जण करतात. लाइनच्या मागे झेललेल्या बॉलवरचे ३०० यार्ड वजा केल्यावर जे उरतं ते तुमच्या एक्सचं काम. आरपीओवरचे (रन की पास हे ऐन वेळी ठरतं त्या खेळातले) स्लँटही जपून. कॉलेजात लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे तिथला लाइनबॅकर जास्त फसतो आणि मागची खिडकी आयती उघडते.

ड्रॉपवरून फार घाबरू नका. ८० झेलण्याजोग्या बॉलमध्ये चार सुटले तर ५ टक्के, आठ सुटले तर १०. सगळा फरक चार बॉलचा. दोन-तीन हंगाम सलग १०च्या आसपास असेल तर ती सवय. एकाच हंगामात असेल तर टेपवर कारण शोधा: बॉल हातात यायच्या आधी नजर पुढे गेली की हातच चुकीचे. पहिलं सुधारतं. जमार चेसने २०२१च्या प्री-सीझनमध्ये बॉल सोडले तेव्हा किती ओरड झाली. एनएफएलच्या बॉलवर कॉलेजसारखे पांढरे पट्टे नसतात, हेही त्याने सांगितलं होतं. त्या हंगामात त्याने १,४५५ यार्ड केले.

कॅपचा_हिशेब

२४ की ५५, यावर येऊ.

आधी पैशांची बाजू. २०२४ला जेफरसनचा करार वर्षाला ३.५ कोटी डॉलरवर गेला, २०२५ला चेसचा ४ कोटी २.५ लाखांवर. म्हणून टीम ड्राफ्टकडे वळतात: चार वर्षं स्वस्तात, आणि पहिल्या फेरीच्या खेळाडूवर पाचव्या वर्षाचा पर्याय. तुमचा एक्स वर्षभराने जाणार असेल तर हा पर्याय २४व्या पिकची खरी जास्तीची किंमत आहे.

पण जाणाऱ्या माणसाची हुबेहूब प्रतिकृती शोधायला जाऊ नका. दोन व्यवहार शेजारी ठेवा. २०२०ला मिनेसोटाने स्टेफॉन डिग्जला बफेलोला दिलं, त्यातून २२वा पिक मिळाला आणि तो जेफरसन झाला. २०२२च्या ड्राफ्टच्या रात्री टेनेसी टायटन्सनी ए. जे. ब्राऊनला फिलाडेल्फियाला दिलं, १८वा पिक आणि तिसऱ्या फेरीतला एक घेतला, आणि १८वर ट्रेलॉन बर्क्स. अंगाने ब्राऊनसारखा, बॉल झेलल्यावर पळणारा. पण कॉलेजात त्याला स्क्रीन आणि स्लॉटमधून मोकळे बॉल मिळत, प्रेसविरुद्धची टेप थोडी. ब्राऊनने त्या वर्षी फिलाडेल्फियाकडून १,४९६ यार्ड केले. बर्क्सची एका हंगामातली सर्वोत्तम कमाई ४४४. हॅशमार्क आणि टेपवाला यांनी वर जे लिहिलंय ते न तपासल्याची किंमत ही अशी असते.

५५च्या आसपासचा माल वाईट नसतो, उलट या जागेवर दुसरी फेरी फार चांगली जाते. ग्रीन बेचीच यादी बघा: ग्रेग जेनिंग्ज ५२, जॉर्डी नेल्सन ३६, रँडल कॉब ६४, डेव्हान्टे ॲडम्स ५३. २०१९ला एन'कील हॅरी ३२वा गेला, आणि त्याच्यानंतर डीबो सॅम्युअल ३६, ए. जे. ब्राऊन ५१, मेटकाफ ६४, मॅक्लॉरिन ७६. ॲमॉन-रा सेंट ब्राऊन तर २०२१ला चौथ्या फेरीत ११२वा, त्याच्या आधी १६ रिसीव्हर गेले होते.

म्हणून वर चढण्यासाठी पिक देऊ नका. २०१४ला बफेलोने ९वरून ४वर जायला पुढच्या वर्षीची पहिली आणि चौथी फेरी दिली आणि सॅमी वॉटकिन्स घेतला. त्याच वर्गात माइक इव्हान्स ७, ओडेल बेकम १२, ॲडम्स ५३. ज्या वर्षी वर्ग दाट असतो त्या वर्षी चढणं म्हणजे जास्तीचे पैसे मोजणं.

माझं मत: तुमच्या एक्सच्या यादीत पहिल्या तिघांपैकी कुणी २४वर उरला तर घ्या. नाही उरला तर चौथ्याला ओढून आणू नका, दुसऱ्या जागेचा चांगला खेळाडू घ्या आणि ५५वर पुन्हा या.

ट्रेनर_टेबल

दुखापतींबद्दल कुणी लिहिलं नाही. कम्बाइनची वैद्यकीय तपासणी आपल्याला दिसत नाही, पण बातम्यांवरून एवढं करता येतं: एकच हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दोन वेगळ्या हंगामांत गेली का ते बघा. एकदा गेली आणि पूर्ण बरी झाली तर फार अडवू नका. स्मिथ-नजिग्बा २०२२ला त्यामुळे तीनच मॅच खेळला, तरी २०वा गेला आणि ते योग्यच होतं. पावलाच्या बाहेरच्या कडेच्या हाडाचं, जोन्स फ्रॅक्चर म्हणतात त्याचं, ऑपरेशन दुसऱ्यांदा झालेलं असेल तर मी एक फेरी खाली धरेन, कारण रिसीव्हर वळताना नेमका त्याच कडेवर भार टाकतो. वजन कमी असणं ही दुखापत नाही. डेव्हॉन्टा स्मिथ १७० पौंडांच्या आसपासचा, २०२१ला दहावा, आणि खेळतोय.

चौथा_डाऊन

सगळ्यांचे आभार. समजा २४वर एक्स मिळाला नाही आणि ५५वर मिळाला. मग दुसरा रिसीव्हर ८७ला घ्यायचा की ११९ला? आणि त्याच्यात काय शोधायचं?

हॅशमार्क

८७ला, जर तो झेडवर पहिल्या वर्षापासून ३०-४० टक्के स्नॅप खेळू शकत असेल तर. त्याच्याकडून प्रेसची अपेक्षा ठेवू नका. मोशनमधून सुटणं, झोनमधली जागा ओळखणं आणि रनला ब्लॉक करणं, एवढं हवं. ब्लॉकिंग टीव्हीवरही स्वच्छ दिसतं: रनच्या स्नॅपला तो सेफ्टीपर्यंत पोचतो का, की कॉर्नरसमोर हात पसरून उभा राहतो.

असा कुणी नसेल तर ११९पर्यंत थांबा, पण मग निकष बदलतो. पाचव्या रिसीव्हरला मॅचच्या दिवशी कपडे घालायला मिळतात ते स्पेशल टीम्समुळे (बॉल लाथाडायच्या खेळांतल्या कामामुळे). ५३च्या यादीतून जास्तीत जास्त ४८ जण खेळतात. पंटवर (लाथेने बॉल दूर देताना) गनर म्हणून (कडेने सगळ्यात पुढे धावत जाणारा) धावलेला, किंवा किक परत आणणारा शोधा. मॅक्लॉरिन ओहायो स्टेटमध्ये नावाजलेला गनर होता. २०२४पासून किकऑफचा नियम बदलल्यावर परत आणले जाणारे किक वाढलेत, तेव्हा रिटर्नरची किंमतही वाढलीय. पंट झेलताना तो वर बघून हात आधी स्थिर करतो का आणि गर्दीत फेअर कॅच (खूण करून, न पळता बॉल झेलणं) मागतो का, हे दोन्ही तपासा. चौथ्या फेरीच्या रिसीव्हरने दोन पंट हातातून सोडले की त्याला पुढच्या आठवड्यात बाकावर बसवतात, मग रूट कितीही चांगले धावत असो.